पाटी उर्दूत आहे, खिडकीचं काय?

पातूरच्या निकालाची बातमी आली त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. अकोला जिल्ह्यातल्या या छोट्या गावाच्या नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठी नावाखाली उर्दूतही नाव लिहिलेलं. तिथला उर्दूचा वापर १९५६पासूनचा. एका माजी नगरसेविकेने हरकत घेतली, प्रकरण हायकोर्टातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १५ एप्रिल २०२५ला न्यायालयाने पाटी राहू दिली. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि पाटी लोकांना समजावी म्हणून असते, असा त्या निकालाचा गाभा. २०२२च्या कायद्याने पालिकांच्या कारभारात मराठी आवश्यक केली, पण पाटीवर सोबत दुसरी भाषा लिहायला मनाई केलेली नाही, हेही त्यातून स्पष्ट झालं.

पेढा मीही खाल्ला. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला याहून गोड बातमी कोणती? पण पुढच्या जूनमध्ये नववीतल्या एका मुलीची आई शाळेत आली आणि तो पेढा मला परत आठवला.

तिच्या हातात मुलीचा जन्मदाखला होता. "सर, इसमें क्या लिखेला है, जरा देखो." आई-बापाची नावं बरोबर, तारीख बरोबर, नावाचा रकाना कोरा. दवाखान्यातून जन्म वेळेवर नोंदवला गेला, तेव्हा बाळाचं नाव ठरलं नव्हतं. नाव अकीक्याला ठेवलं. ते पुन्हा जाऊन नोंदवायचं असतं, हे त्या बाईला चौदा वर्षांत कुणी सांगितलं नाही. कागद मराठी-इंग्रजीत, तिला वाचता येते फक्त उर्दू. नियमाने नाव पंधरा वर्षांपर्यंतच घालता येतं. मधूनमधून सरकार मुदत वाढवतं, पण ती वाढ मोहल्ल्यात पोचते तोवर संपलेली असते. मुलीला पंधरा पूर्ण व्हायला पाच आठवडे होते.

ती आधी पालिकेत जाऊन आली होती. दोनदा. पहिल्यांदा अर्ज मराठीत भरून आणा म्हणाले. दुसऱ्यांदा एजंटाने भरलेला अर्ज नेला, तर त्यात नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं, आणि वर प्रश्न, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" तिचे आजे-पणजे याच शहरात मातीआड झालेत. २०२५च्या सुरुवातीला उशिराच्या जन्मनोंदींवरून राज्यभर जो गदारोळ झाला, त्यानंतर हा प्रश्न खिडकीवर फार सहज विचारला जातो. तिचं प्रकरण उशिराच्या नोंदीचं नव्हतंच. पण भीती बसायची ती बसली. ती तिसऱ्यांदा जायला तयार नव्हती.

मानवी हक्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दिल्ली येते, नाहीतर जिनिव्हा. माझ्या मते ते पालिकेच्या तळमजल्यावर, जन्म-मृत्यू विभागाच्या खिडकीत असतात. हे माझ्या मनचं नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी अठरा विषय आहेत. त्यात रस्ते-पाणी आहे, दफनभूमी आहे, जन्म-मृत्यूची नोंद आहे, आणि दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षणही आहे. गटार तुंबलं तर आपण पालिकेला जाब विचारतो. कागद अडला तर मात्र नशिबाला बोल लावतो.

आणि याला खर्च किती? प्रसूतिगृहातून घरी जाताना आईच्या हातात उर्दूतली एक चिठ्ठी द्यायची : नाव अमुक ठिकाणी, अमुक मुदतीत नोंदवा. अर्जाचा भरलेला नमुना भिंतीवर लावायचा. आठवड्यातून एक दिवस उर्दू वाचणारा माणूस खिडकीवर बसवायचा. बऱ्याच पालिकांच्या स्वतःच्या उर्दू शाळा आहेत, माणसं पगारावर आहेत. (निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण यांनी पिचलेले माझे सहकारी हे वाचून मला शिव्या देतील. देवोत.)

हे सगळं मागायचं कुणाकडे, हाही प्रश्नच होता. राज्यातल्या कित्येक महापालिकांत २०२२नंतर काही वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. पण नगरसेवक होते तेव्हा तरी आपण काय मागितलं? कमान, चौकाला नाव, ईदच्या शुभेच्छांचा फ्लेक्स. चिठ्ठी मागायला कुणी गेलं नाही. मीही नाही.

दुसरं आपल्याच घरातलं. आमच्या उर्दू माध्यमाच्या दहावीतल्या मुलांना मराठीत साधा अर्ज लिहिता येत नाही, आणि त्याचा दोष पालिकेवर ढकलता येणार नाही. तो माझ्या वर्गातला दोष आहे. आईला तिच्या भाषेत कागद मिळायला हवा आणि मुलीला राज्याच्या भाषेत तो भरता यायला हवा. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक दिवस माझ्यासोबत खिडकीवर यावं.

शेवटी आम्ही तिघं गेलो. अर्ज मुलीने स्वतः भरला, मी फक्त मागे उभा होतो. 'अर्जदाराशी नाते' या ओळीवर ती अडखळली, माझ्याकडे पाहिलं, आणि मग आईला विचारून लिहिलं. कारकुनाने पावती दिली. मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. या वर्षी मी नववीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचे जन्मदाखले मागवले. अठ्ठेचाळीस मुलींपैकी सहा जणींच्या नावाचा रकाना कोरा निघाला.