उतारावरील बर्फ आणि लाविलेलें वन

झाड मोडलें कीं दोष आभाळाला देण्याची रीत सर्वत्रच आहे. जपानांतील लागवडीच्या वनांचा वृत्तान्त पाहून मात्र आमचें मत असें झालें आहे कीं, यांत मोठा वाटा उतार न पाहतां रोप लावणाराचा आहे.

त्या देशांत लाविलेलें वन सुमारें १ कोटि हेक्टर असून त्यांत सुगी या सूचिपर्णी वृक्षाचा भरणा सर्वांत अधिक. दुसऱ्या महायुद्धानंतर इमारती लाकडाच्या ओढीनें डोंगरच्या डोंगर या झाडानें भरण्यांत आले. होकुरिकु प्रांतांत १९८०-८१ च्या हिवाळ्यांत अतोनात बर्फ पडलें, तेव्हां पुष्कळ खोडें मोडलीं.

ओलें बर्फ पानांस चिकटतें, आणि डोंगराआडच्या निवाऱ्याच्या जागीं तें झडत नाहीं. शिवाय उतारावरील झाडाच्या फांद्या खालच्या अंगास अधिक वाढतात. बोजा एकाच अंगास पडतो. परंतु आमच्या मतें जमिनीवरील बर्फच अधिक विचार करण्याजोगें आहे. सपाटीवर त्याखालीं दबलेलें रोप वसंतांत बहुधा पुन्हा उठतें. उतारावर मात्र सबंध थर हळूहळू खालीं सरकत असतो. तो रोपाला आडवें करून मुळापासून ओढतो, आणि वर्षानुवर्षें असें घडलें म्हणजे बुंधा विळ्यासारखा वांकडा होतो. करवतीच्या गिरणींत सर्वांत मोलाचा तोच ओंडका! म्हणून तेथील शेतकरी बर्फ वितळल्यावर एकेक रोप दोरीनें उभें करून बांधीत आला आहे.

कोणी म्हणेल, वेळेवर विरळणी केली असती तर भागलें असतें. दाटींतलें उंच, बारीक खोड लवकर मोडतें हें खरें. पुढें लाकडाचे भाव उतरल्यानें विरळणी परवडेनाशी झाली, हेंहि खरें. पण विरळणीनें सरकतें बर्फ थांबत नाहीं.

आम्हीं महसुलाच्या दप्तरांत दिवस काढले. मुंबई इलाख्याच्या प्रतबंदींत मातीच्या खोलीबरोबर उतारासारखे दोषहि जमेस धरून जमिनीचे आणे ठरत. सारा घेतांना जें पाहावयाचें, तें चाळीस वर्षें उभें राहणारें झाड लावतांना कां पाहूं नये? सुगी सौम्य उतारावर असावी. खडे उतार तेथील मूळच्या बुना वृक्षाला परत द्यावेत. त्याचीं कोवळीं खोडें बर्फाखालीं वाकतात नि पुन्हा उठतात.

डिसेंबर २०१४ मध्यें तोकुशिमा जिल्ह्यांत बर्फानें झाडें रस्त्यांवर कोसळून डोंगरांतील वस्त्यांची वाट व वीज दोन्ही तुटलीं. मालक लाकडाचा तोटा सोशील; पण त्या वस्त्यांतील म्हाताऱ्यांनीं काय करावें? वाटेवरच्या उतारांवरील लागवड तरी प्रथम काढावी.