परवाना लागत नाही, हेल्मेट लागते



साताऱ्यात राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे जाताना किंवा सांगलीहून मिरजेला जाताना बॅटरीवरची सायकल आता सहज दिसते. ट्यूशनची मुले, कॉलेजच्या मुली, दुकानात कामाला जाणारे तरुण ती वापरतात. पेट्रोल नको, परवाना नको, पासिंग नको. घरात विचारले तर अब्बा-अम्मी म्हणतात, "सायकलच तर आहे!" मला आज या वाक्याबद्दलच लिहायचे आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर अशी गाडी मोटार वाहन ठरत नाही. पेडलला साथ देणारी मोटर २५ च्या वेगाला बंद झाली पाहिजे. या अटी पाळल्या तरच परवाना, नोंदणी आणि विमा यांतून सूट आहे. ही सूट कागदपत्रांपुरती आहे. पडल्यावर हाड मोडणार नाही, अशी हमी त्यात नाही.

साधी सायकल आपण ताशी पंधराच्या आसपास चालवतो. वेग पंधरावरून पंचवीसवर गेला, की आपटण्याची ऊर्जा दीडपट होत नाही, जवळपास पावणेतीनपट होते. पंचेचाळीसला ती नऊपट होते. त्यात मोटर आणि बॅटरीचे वजन. साध्या सायकलवरून पडल्यावर बहुधा गुडघा, कोपर सोलवटते, कधी मनगट मोडते. वेग वाढला की मार डोक्याला, छातीला, पोटाला लागण्याची भीती वाढते.

न्यूयॉर्कच्या संशोधकांनी अमेरिकेतील २००० ते २०१७ या काळातील तातडीच्या उपचारांच्या नोंदी तपासल्या. साध्या सायकलस्वारांच्या तुलनेत ई-सायकलवरील जखमींमध्ये शरीराच्या आतल्या इजा आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण जास्त आढळले. पायी चालणाऱ्याला धडकण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती. आपल्या मोहल्ल्यातल्या बोळांचा विचार करा. आवाज न करता येणारी गाडी, दारात खेळणारी मुले, मशिदीकडे निघालेले वयस्कर लोक. इथे इजा फक्त चालवणाऱ्यालाच होते असे नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नेदरलँडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ई-सायकलवाल्यांना तातडीच्या उपचारांची गरज जास्त वेळा पडलेली दिसली, पण अपघात झाल्यावर इजांची तीव्रता साध्या सायकलइतकीच होती. तिथे सायकलसाठी वेगळे रस्ते आहेत आणि वेगाची मर्यादा पाळली जाते. म्हणजे दोष केवळ यंत्राचा नाही. रस्ता कसा आहे आणि आपण ते यंत्र कसे वापरतो, यावर बरेच अवलंबून आहे.

आपल्याकडे मात्र गाडी घेतल्यावर पहिला प्रश्न येतो, "लॉक काढून मिळेल का?" गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माझ्या भावांनो, हे तुमच्यासाठी आहे. वेगाचे लॉक काढले, की ती गाडी सायकल राहत नाही, कायद्याने मोटार वाहन होते. नोंदणी नाही, विमा नाही. कुणाला धडक बसली तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. चालवणारा अल्पवयीन असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. शिवाय ब्रेक आणि टायर जुन्या वेगासाठीच बनवलेले असतात. चार पैसे मिळतात म्हणून हे काम करू नका. गिऱ्हाइकाला नाही म्हणणे हीसुद्धा कारागिरीच आहे.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आणखी एक धोका आहे. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात. मागे लाल दिवा नसलेली सायकल त्या चालकाला दिसत नाही, आणि बंद पडलेली ट्रॉली आपल्याला अगदी जवळ गेल्यावर दिसते. मागे-पुढे दिवे आणि रिफ्लेक्टर यांना दोनशे-तीनशे रुपये लागतात. तेवढे खर्च करा.

मुलींसाठी वेगळे सांगते. ओढणी किंवा बुरख्याचा घेर चाकात अडकला, तर साध्या सायकलवर पाय थांबताच जोर थांबतो. ॲक्सिलरेटरच्या गाडीत मूठ सुटेपर्यंत चाक ओढतच राहते. ओढणी आत खोचा, घेर आवरून बसा, मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. या गाडीमुळे कितीतरी मुली कुणाच्या सोबतीची वाट न पाहता कॉलेजला जातात. मुलगी एकदा पडली, की "आता घरीच बस" असा निकाल लागतो. मुलगा पडला तर त्याला नवी गाडी मिळते. पडणाऱ्या मुलीला घरात बसवणे हा सुरक्षिततेचा उपाय नाही. तिला हेल्मेट घेऊन द्या, ब्रेक तपासून द्या, मोकळ्या मैदानावर आठ दिवस सराव करू द्या.

या महिन्यात प्रत्येकाने आपल्या गल्लीत एवढेच करावे: ई-सायकल असलेल्या पाच घरी जाऊन हेल्मेट आहे का, मागचा दिवा लागतो का, लॉक जागेवर आहे का, हे विचारावे. जिथे नाही, तिथे पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.