आधीं कोट, मग रायफल

नगराहून, म्हणजे आतांच्या अहिल्यानगराहून, एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. त्यांची कन्या नववींत शिकते. शाळेच्या एन.सी.सी. पथकांत .२२ रायफलीनें, पालथें पडून, केलेल्या नेमबाजींत तिचा हात चांगला बसला. आणि तेव्हांपासून १० मीटर एअर रायफलीच्या स्पर्धेंत उतरावयाचें असा तिनें ध्यास घेतला आहे. मुलीच्या मामांनीं जर्मन बनावटीची रायफल एकदमच घेऊन टाकावी असें सुचविलें. किंमत अडीच लक्षांच्या घरांत. तेवढी शिल्लक हाताशीं नाहीं. तेव्हां मुलीच्या पुढील शिक्षणासाठीं ठेवलेली ठेव मोडावी कीं बाईंनीं आपल्या पाटल्या गहाण टाकाव्या, ह्याचा घरांत खल चालू आहे. "रायफल कोणत्या कंपनीची घ्यावी, तेवढें कळवावें," असें त्यांनीं शेवटीं लिहिलें आहे.

आमचें उत्तर असें कीं ठेवही मोडूं नये आणि पाटल्याही पेटींतून काढूं नयेत. निदान वर्षभर रायफल विकत घेण्याचें कांहींच कारण नाहीं. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, अन्शुट्झ ह्या सर्वच कंपन्यांच्या रायफली इतक्या नेमक्या आहेत कीं आरंभींच्या दोन-तीन वर्षांत शिकाऊ नेमबाजाचा एकही गुण रायफलीच्या दोषानें जाणार नाहीं. तो जाईल शरिराच्या हालचालीनें. म्हणून पैसा खर्चावयाचाच, तर तो प्रथम शरिराला आधार देणाऱ्या साहित्यावर खर्चावा. ह्या म्हणण्याचें कारण थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, नाहीं तर मामांना तें कंजूषपणाचें वाटेल.

नगरकरांना तोफाबंदुकांचा आवाज नवा नाहीं. रणगाडा दलाचें शिक्षणकेंद्र १९४८ पासून तेथें आहे, के. के. रेंजवरील गोळाबारीचे आवाज आसपासच्या गांवांत ऐकूं येतात, आणि रणगाड्यांचें संग्रहालय तर शाळांच्या सहलींचें ठरलेलें ठिकाण होऊन बसलें आहे. परंतु ही बंदूक निराळी. तिच्यांत दारू नाहीं. नळीखालच्या सिलिंडरमध्यें दाबून भरलेली हवा जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या शिशाच्या पेलेटला सेकंदाला सुमारें १७० मीटर वेगानें ढकलते. तिची शक्ति ८ ज्यूलच्याही आंत भरते. शस्त्रास्त्र नियम, २०१६ प्रमाणें ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आंतल्या हवाई बंदुकीस परवाना लागत नाहीं; .२२ रायफलीस मात्र तो लागतो. परवाना नको म्हणून ती खेळणें ठरत नाहीं, हें घरांतल्या धाकट्या भावंडांना पहिल्याच दिवशीं सांगून ठेवावें. डोळा फोडावयास ८ ज्यूल पुष्कळ होतात.

आतां त्या लक्ष्याचें स्वरूप पाहा. दहा मीटरांवरील कागदाचा मधला दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि त्यापुढचें प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरांवर असतें. पेलेटची कड ठिपक्याला स्पर्शली तरी दहा गुण मिळतात. तथापि त्यासाठीं पेलेटचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरांहून दूर जाऊन चालत नाहीं. दोन साइटींमधलें अंतर सुमारें ८० सेंटिमीटर धरलें, तर पुढची साइट केवळ ०.२ मिलिमीटर हलली कीं दहाचे नऊ झाले. दोन-तीन केंसांच्या जाडीएवढी ही गोष्ट. आणि अशा ६० गोळ्या, उभ्यानें, पांच-साडेपांच किलोची रायफल उचलून (साडेपांच ही नियमाची कमाल मर्यादा आहे) सव्वा तासांत झाडावयाच्या. पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलीच्या हातांत ही रायफल म्हणजे तिच्या देहभाराचा नववा हिस्सा झाला. पालथें पडून नेम धरतांना दोन्ही कोपरें जमिनीवर टेकलेलीं असतात. एअर रायफलींत जमीन दोन पावलांनाच मिळते. एन.सी.सी.तील यशावरून ह्या प्रकाराचा अदमास पुरता येत नाहीं तो ह्यामुळें.

उभ्यानें नेम धरणारा मनुष्य बारकाईनें न्याहाळावा. डावें कोपर कमरेच्या हाडावर टेकलेलें असतें, कंबर लक्ष्याच्या दिशेस किंचित् पुढें आलेली असते, आणि पाठ मागें व उजवीकडे झुकवून रायफलीचा तोल साधलेला असतो. म्हणजे रायफल पेलतात तीं हाडें, स्नायु नव्हेत. स्नायूंच्या जोरावर धरलेली रायफल दहा मिनिटांत कांपूं लागते. पण ह्या वांकड्या उभेपणाचा सारा भार कण्याच्या खालच्या मणक्यांवर पडतो. आणि वाढत्या वयांतल्या मुलीला कोटावांचून तासन्‌तास असें उभें केलें, तर पदकाच्या आधीं पाठदुखी घरीं येते. नेमबाजीचा तो जाडजूड, चित्रविचित्र रंगांचा कोट शोभेसाठीं नसतो. तो पाठीला आधार देतो आणि हृदयाचे ठोके रायफलीपर्यंत पोंचूं देत नाहीं.

कोटाच्या बाबतींत नियम कडक आहेत. कापडाचा एक पदर २.५ मिलिमीटरहून जाड नसावा. ठराविक वजनाखालीं तें कापड निदान ३ मिलिमीटर दबलें पाहिजे. आणि बटणें लावल्यावरही कोट आणखी ७० मिलिमीटर एकावर एक येण्याइतका सैल असावा लागतो. म्हणून कसून बांधलेला कोट उत्तम, हा समज सोडावा. तसा कोट तपासणीच्या मेजावरच बाद होतो. माप देतांना मुलीनें आंत स्पर्धेच्या वेळचेच पातळ कपडे घालावे, स्वेटर घालून माप देऊं नये. आणखी एक बारकी गोष्ट. कॅनव्हास आणि चामडें हवेंतल्या ओलाव्याप्रमाणें मऊ-ताठ होतात. नगरच्या कोरड्या थंडींत ताठ वाटलेला कोट पनवेलच्या पावसाळ्यांत ढिला लागतो, आणि कोरड्या, वातानुकूलित दालनांत पुन्हा ताठरतो. मोठ्या स्पर्धेपूर्वीं तो तेथल्या हवेंत आदल्या दिवशीं टांगून ठेवावा आणि मगच तपासणीस न्यावा. कोट, विजार, जोडे आणि डाव्या हाताचा मोजा हें सारें देशी बनावटीचें घेतल्यास मामांनीं सांगितलेल्या रकमेच्या एक-पंचमांशाच्या आसपास होतें. जोड्यांचे तळवे सपाट असावे, पण ते वांकले पाहिजेत. न वांकणारा तळवाही नियमांत बसत नाहीं.

पाठीसाठीं कोट पुरेसा नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. पोट व कंबर ह्यांचे स्नायु बळकट करणारा व्यायाम रोज हवा. ज्या घरांत सूर्यनमस्कारांची प्रथा अद्याप टिकून आहे, तेथें निराळ्या व्यायामशाळेची आवश्यकता आम्हांस वाटत नाहीं.

कोट तयार झाला कीं क्लबाची रायफल मागून घ्यावी आणि ती मुलीच्या अंगाला जुळवावयास शिकावें. ह्या विद्येकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतें. पालक रायफलीची किंमत विचारतात, तिची बट प्लेट किती मिलिमीटर वर-खालीं होते हें कोणीच विचारीत नाहीं. जुळणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम पावलें. रायफल खांद्याला लावून लक्ष्याकडे रोखावी, डोळे मिटून दोन श्वास घ्यावे, आणि डोळे उघडून पाहावें. नेम डावीकडे सरकलेला दिसला तर हातानें रायफल ओढून आणूं नये, पावलेंच फिरवावीं. मग खांद्याची बट प्लेट अशा उंचीवर आणावी कीं मान ताठ राहील. त्यानंतर गाल टेकण्याची पट्टी. येथें एकच कसोटी आहे : रायफल डोळ्यापाशीं आली पाहिजे, डोकें रायफलीकडे खालीं वांकतां कामा नये. दस्त्याची लांबी आणि मुठीचा कोन त्यामागून. साइटींना हात लावावयाचा तो सर्वांत शेवटीं. कारण शरीर बदललें कीं साइट पुन्हा बदलावीच लागते. पुढच्या साइटीतलें वर्तुळ शिकाऊंनीं मोठें घ्यावें. ३०.५ मिलिमीटर व्यासाच्या काळ्या लक्ष्याभोंवतीं पांढऱ्या प्रकाशाचें ठळक कडें दिसलें पाहिजे. लहान वर्तुळानें नेम सूक्ष्म होतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षांत डोळा शिणतो आणि मुलगी चाप ओढावयास कचरते. चापालाही ह्या प्रकारांत किमान वजनाचें बंधन नाहीं, म्हणून तो अगदीं हलका करून घेण्याचा मोह अनेकांना होतो. पहिल्या वर्षीं तो थोडा जडच राहूं द्यावा.

ह्या सर्व मापांची एक वही असावी. बट प्लेटची उंची, गालपट्टीची उंची, दस्त्याची लांबी, पुढच्या वर्तुळाचा व्यास, सिलिंडरमधला दाब (हवेनें पूर्ण भरल्यास २०० बार), आणि त्या दिवशींचे गुण. क्लबाची रायफल दुसऱ्या दिवशीं दुसऱ्याच्या हातीं जाते. वही असेल तर पांच मिनिटांत ती पुन्हा आपल्या मापाची होते. ह्या जुळणीला किती महत्त्व आहे तें पाहावयाचें असेल तर कोल्हापूर जिल्ह्यांतल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे ह्यांचा खेळ डोळ्यांपुढें आणावा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत त्यांनीं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारांत ४५१.४ गुणांनीं कांस्यपदक मिळविलें. ह्या प्रकारांत गुडघ्यावर बसून, पालथें पडून आणि उभें राहून अशा तीन आसनांत एकच रायफल चालवावयाची असते, आणि प्रत्येक आसनाला तिची जुळणी निराळी. ती घड्याळाच्या कांट्यावर बदलावी लागते. २००८ सालीं बीजिंग येथें अभिनव बिंद्रा ह्यांच्यावर तर विलक्षण प्रसंग आला होता. अंतिम फेरीपूर्वींच्या चांचणींत त्यांची पहिलीच गोळी चारच्या वर्तुळांत गेली. साइट हललेली होती. त्यांनीं न घाबरतां उरलेल्या चांचणीच्या गोळ्यांवर ती पुन्हा बसविली आणि सुवर्णपदक मिळविलें. आपली साइट कोठें असावयास हवी हें ज्याला पाठ असतें, त्यालाच तें साधतें.

डोळ्यांविषयीं दोन शब्द, कारण पत्रांत मुलीला चष्मा असल्याचा उल्लेख आहे. प्रथम तिचा प्रबळ डोळा कोणता तें पाहावें. दोन्ही हात पुढें करून तळव्यांमध्यें लहान झरोका करावा, त्यांतून दूरची एखादी खुंटी पाहावी आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला खुंटी दिसत राहते तो प्रबळ. उजव्या हाताच्या मुलीचा डावा डोळा प्रबळ निघाला तर डाव्या खांद्यावरून नेमबाजी शिकण्याचा विचार आरंभींच करावा. दोन वर्षांनीं तो फार जड जातो. दुसरें, नेत्रतज्ज्ञाला हें स्पष्ट सांगावें कीं मुलीला पुढची साइट, म्हणजे हातभर अंतरावरचें वर्तुळ, स्वच्छ दिसावयास हवें. लक्ष्य किंचित् पुसट दिसलें तरी चालतें.

घरच्या सरावाला गोळ्या लागत नाहींत. क्लबानें रायफल घरीं नेऊं दिली, तर ती रिकामी असल्याची दोनदां खात्री करून ओसरींत किंवा गच्चींत कोरा सराव करावा. दहा मीटर जागा नसेल तर पांच मीटरांवर अर्ध्या मापाचें लक्ष्य चिकटवावें; काळें वर्तुळ १५.२५ मिलिमीटरचें, आणि जमिनीपासून १.४० मीटर उंच. रोज अर्धा तास ह्याला द्यावा. क्लबांतील सरावाला मात्र एक नियम आईनेंच घालून द्यावा : पेलेट शिशाचे असतात, तेव्हां साबणानें हात धुतल्याशिवाय डबा उघडावयाचा नाहीं.

बाईंनीं पत्रांत संकोचानें एक वाक्य लिहिलें आहे, कीं मुलीच्या आजीला हा बंदुकीचा नाद आपल्या घराण्याला शोभत नाहीं असें वाटतें. आजींना कळवावें कीं राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्यें ज्यांनीं स्थापिली ते तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळणकर, लोकसभेचे पहिले सभापति. त्यांच्या नांवानें अखिल भारतीय स्पर्धा भरविल्या गेल्या. मुंबईच्या कीर्ति महाविद्यालयांत एन.सी.सी.तूनच ज्यांनीं रायफल प्रथम हातीं घेतली, त्या अंजली भागवत २००० सालीं सिडनी ऑलिंपिकांत ह्याच १० मीटर प्रकाराच्या अंतिम फेरींत पोंचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें विश्वविजेत्या झाल्या. त्यांचा प्रकार ५० मीटर, पालथें पडून नेम धरण्याचा. आजींचें समाधान इतक्यानें होईल कीं नाहीं हें आम्ही सांगूं शकत नाहीं. मुलीचा कोट शिवून आल्यावर तो प्रथम त्यांनाच दाखवावा, असें सुचवितों.

मग रायफल केव्हां घ्यावी? वहींतलीं मापें सहा महिने फारशीं बदललीं नाहींत, म्हणजे मुलीची वाढ व तिचें आसन दोन्ही स्थिरावलीं, आणि क्लबाच्या रायफलीनें तिचे गुण एका जागीं टिकूं लागले, कीं घ्यावी. तेव्हां ती वही बरोबर न्यावी आणि जी रायफल त्या मापांवर जुळते तीच पाहावी, मग छाप कोणतीही असो. वापरलेली रायफल मिळाल्यास बरेंच. मात्र सिलिंडरवरील तारीख तपासावी, कारण त्याची मुदत सामान्यतः दहा वर्षांची असते. सिलिंडर पूर्ण भरून रात्रभर ठेवावा व सकाळीं दाब उतरला आहे कीं काय तें पाहावें. बट प्लेटचे व गालपट्टीचे सर्व स्क्रू फिरतात कीं झिजले आहेत, हें स्वतः फिरवून पाहावें. आणि नगर-पुणें सुमारें १२० किलोमीटर आहे. बालेवाडीला स्पर्धेसाठीं मोटारीनें जावयाचें झालें तर वैशाखाच्या उन्हांत बंद मोटारींत भरलेला सिलिंडर ठेवून जेवावयास उतरूं नये.