डेव्हिल वाचवले, पेंग्विन गेले: मारिया बेटावर नेमकं काय झालं?

ऑस्ट्रेलियातल्या तस्मानिया राज्याच्या पूर्व किनाऱ्याजवळ मारिया नावाचं बेट आहे. २०१२ मध्ये तिथे लिटल पेंग्विनच्या सुमारे ३ हजार जोड्या घरटी करत होत्या. २०२१ मध्ये 'बर्डलाइफ तस्मानिया' या संस्थेने सांगितलं, की आता तिथे एकही उरलेला नाही. कारण तेलगळतीचं नव्हतं, शिकाऱ्यांचंही नव्हतं. दुसरा एक प्राणी वाचवण्याची मोहीम या पेंग्विनच्या मुळावर आली.

तो प्राणी म्हणजे तस्मानियन डेव्हिल. १९९६ मध्ये त्यांच्यात चेहऱ्याचा एक विचित्र कॅन्सर दिसला. विचित्र अशासाठी, की तो चावण्यातून एकाकडून दुसऱ्याकडे पसरतो. डेव्हिल झपाट्याने मरू लागले. मग निरोगी डेव्हिलची एक राखीव संख्या वेगळी ठेवावी, म्हणून २०१२-१३ मध्ये २८ डेव्हिल मारिया बेटावर सोडले. हा प्राणी तिथला मूळचा नाही. तरी तो रुजला आणि काही वर्षांत संख्या शंभरच्या घरात गेली.

पेंग्विन का टिकले नाहीत, हे त्यांच्या राहणीतून कळतं. लिटल पेंग्विन ही पेंग्विनची सगळ्यात छोटी जात. उंची फूटभर, वजन जेमतेम किलोभर. मुंबईत राणीच्या बागेत दिसतात ते हम्बोल्ट पेंग्विन याच्या कितीतरी मोठे. दिवसभर समुद्रात मासे पकडायचे आणि अंधार पडल्यावरच किनाऱ्यावर यायचं, हा याचा शिरस्ता. गरुड आणि सीगलपासून बचावाचा हा चांगला उपाय आहे. पण डेव्हिलही रात्रीच हिंडतो, आणि त्याला बिळं उकरता येतात.

घरटं जमिनीतल्या बिळात. दोन अंडी, ती उबवायला साधारण पाच आठवडे, पिल्लू समुद्रात जाईपर्यंत आणखी आठ. शिवाय वर्षातून एकदा सगळी पिसं बदलतात. तेव्हा अडीच आठवडे पाण्यात उतरताच येत नाही. म्हणजे उपाशीपोटी जमिनीवर अडकून पडायचं.

हे अनपेक्षित होतं, असंही नाही. डेव्हिल सोडण्याआधीच एका सरकारी अहवालात पेंग्विनना धोका असल्याचं नोंदवलं होतं.

व्हिक्टोरिया राज्यातल्या फिलिप बेटाने उलटी वाट धरली. तिथे पेंग्विनच्या वसाहतीत माणसांची घरं होती. सरकारने १९८५ पासून ती विकत घ्यायला सुरुवात केली, २०१० पर्यंत शेवटचं घर घेतलं आणि अख्खी वस्ती हटवली. कोल्ह्यांचाही नायनाट केला. आज तिथे सुमारे ४० हजार पेंग्विन आहेत. खर्च मोठा होता, पण रोज संध्याकाळी पेंग्विन बघायला येणाऱ्या पर्यटकांकडून उत्पन्नही मिळतं. मारियाला अशी तिकीटबारी नव्हती.

आता वाद असा आहे. डेव्हिल इतर ठिकाणीही सुरक्षित वाढत आहेत, मग मारियावरून ते काढा, असं पक्षी अभ्यासकांचं म्हणणं. डेव्हिलच्या बाजूचे लोक म्हणतात, कॅन्सर गेलेला नाही, राखीव संख्या हवीच. कागदावर डेव्हिलचं पारडं जड आहे: तो 'संकटग्रस्त' यादीत, तर लिटल पेंग्विन जगभर मोजले तर 'चिंता नाही' या गटात. एका बेटावरचे सगळे पेंग्विन संपले तरी त्या यादीतला शेरा बदलत नाही.

डेव्हिल हटवले तरी पेंग्विन लगेच परत येतील असं नाही. ते बहुधा स्वतः जन्मले त्याच वसाहतीत घरटं करायला परततात, आणि मारियात जन्मलेले आता फारसे उरलेले नाहीत.