यमक कुठल्या गावचं?

जाड मांजर? फॅट कॅट. उदास पोरगा? सॅड लॅड. इंग्रजीत या कोड्यांना 'हिंक पिंक' म्हणतात. एकाने अर्थ सांगायचा, दुसऱ्याने त्यावर दोन शब्दांचं यमक जुळवून दाखवायचं. उत्तरातले शब्द थोडे लांब असतील तर 'हिंकी पिंकी', आणखी लांब असतील तर 'हिंकेटी पिंकेटी'. म्हणजे किती मोठा शब्द शोधायचा, हे नावातच सांगून टाकलेलं. खेळ पोराटोरांचा, पण मला आवडतो तो त्यावरून मोठ्यांची जी भांडणं लागतात त्यासाठी.

आता हेच बघा. गरम विचार? 'हॉट थॉट'. आपल्याला यात काही खटकत नाही. लॉस एंजेलिसच्या माणसालाही सहसा खटकणार नाही. पण जुन्या न्यूयॉर्करला विचारा. त्याचा 'हॉट' जवळजवळ 'हाट' होतो आणि 'थॉट' ओठांचा चंबू करून 'थोअट'. हे यमक आहे असं म्हणालात तर तो तुमच्याकडे कीव आल्यासारखा बघेल. झोपायची कॉट आणि 'पकडला' या अर्थाचा कॉट यांचंही तेच. (देवनागरीत लिहायला गेलो तर दोन्ही एकच. आपण कुठल्या बाजूचे, ते लिपीनेच सांगितलं!) भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडाभर लोकांना फोन करून असे उच्चार गोळा केले आणि 2006 साली त्यांचा नकाशासंग्रह काढला. त्यात पश्चिम अमेरिका, कॅनडा, पिट्सबर्ग आणि बॉस्टन एका गोटात, तर न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया दुसऱ्या. पुणेकराचा कान कॅलिफोर्नियाशी जुळतो, यात इथल्या आयटीवाल्यांचा काही हात नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेत वेगळीच गंमत. पत्र्याचं पेन? 'टिन पेन'. अलाबामात बऱ्याच जणांच्या तोंडी हे 'टिन पिन' होतं, यमक चोख. पण तिथे दुकानात नुसतं 'पेन' मागितलं तर टाचणी हातात पडायची, म्हणून लोक 'इंक पेन' म्हणतात. यमक फुकट मिळालं, पण रोजच्या बोलण्यात एक शब्द वाढला.

चांगला चिखल? 'गुड मड'. दक्षिण इंग्लंडात फसलं. उत्तरेला लीड्सला जा, तिथे चिखल 'मुड'च असतो. उलट पहाटेचं कणीस, 'डॉन कॉर्न', लंडनमध्ये बिनतोड, कारण तिथे 'कॉर्न'मधला र कुणी उच्चारतच नाही. आपण मात्र स्पेलिंगमध्ये दिसलेला प्रत्येक र खणखणीत वाजवतो. स्पेलिंग पाठ करून शिकलेली भाषा आहे ती, पैसे वसूल व्हायला नकोत?

लंडनच्या पूर्व भागातल्या कष्टकऱ्यांनी तर यमकांचीच सांकेतिक बोली केली. 1859 च्या एका कोशात तिची यादी सापडते. तिच्यात पुढे अफगाण लढायांमुळे कानावर पडलेली खैबरखिंडही शिरली. 'खैबर पास' म्हणजे माणूस ज्यावर बसतो तो भाग. त्याच्या असभ्य इंग्रजी शब्दातला र गाळायचा आणि 'पास'मधला आ लांबवायचा, तरच हे जमतं. अमेरिकन 'पॅस' म्हणतो, मँचेस्टरवालाही आखूड स्वर लावतो. दोघांनाही विनोद समजावून सांगावा लागणार.

म्हणून अशा कोड्याखाली उत्तर छापताना रचणाऱ्याने आपलं गावही छापावं, असं माझं मत आहे. अमुक यमक 'चुकीचं' म्हणून वाद घालण्यात मला राम वाटत नाही. उत्तर अडलं की तोंड बदलून बघावं, आधी लंडनचं, मग लीड्सचं. आपल्या तोंडाचीही कोडी आहेतच की. वेलीपासून केलेली दारू? लंडनमध्ये हे साधं यमक आहे, पहिल्या शब्दाला दात ओठावर, दुसऱ्याला ओठ गोल. नाशिकमध्ये मात्र उत्तर 'वाइन वाइन', आणि कोडं घालणाऱ्यालाच विचारावं लागेल की यातली प्यायची कुठली.