एक अँप्लिफायर की दोन?

मैत्रिणींनो, या खेपेला सोलापूरच्या एका भगिनीचा प्रश्न घेतला आहे. त्यांच्या बैठकीत 'इलेक्ट्रोस्टॅटिक' स्पीकरची उंचच उंच जोडी आली आहे आणि घरात म्हणतात, याला दोन अँप्लिफायर लागतात. दिवाळीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात घालावेत का?

पैसे काढण्याआधी ही वस्तू आहे तरी काय, ते पाहा. साध्या स्पीकरमध्ये कागदी शंकू मागेपुढे हलतो. इथे छिद्रांच्या दोन पत्र्यांमध्ये केसाहूनही पातळ प्लॅस्टिकचा पडदा ताणलेला असतो. त्यावर काही हजार व्होल्टचा भार असतो आणि गाण्याच्या विजेने तो इकडून तिकडे ओढला जातो. पडदा इतका हलका, की तंबोऱ्याची जवारी आणि गवयाने घेतलेला श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येतो. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांनी १९५७ साली 'क्वाड' नावाने असा स्पीकर विक्रीस आणला. जाणकार अजून त्याचे नाव काढतात.

पण याला एक खोड आहे. सूर जसजसा वर चढतो तसतसे याचे ओहम खाली येतात; अगदी वरच्या सुरांना २ ओहम, कधी त्याहूनही कमी. ओहम उतरले की अँप्लिफायरला जास्त प्रवाह पुरवावा लागतो. त्याचा जीव लहान असला तर तो तापतो, आवाज करकरीत होतो आणि एखाद्या दिवशी बंदच पडतो. म्हणून वॅट किती, हे दुकानदाराला नंतर विचारा. आधी विचारा, "हा २ ओहमवर न कुरकुरता चालेल का?" वॅट दुप्पट झाले तरी आवाज काही दुप्पट होत नाही हो, जेमतेम थोडा चढतो!

आता दोन अँप्लिफायरचे. जुना क्वाड सगळाच पडद्याचा. तिथे काम वाटून देण्याची सोयच नाही, उलट फार ताकदीचा अँप्लिफायर लावला तर पडदाच जळतो. हल्लीच्या पुष्कळ जोड्यांत मात्र खाली डग्ग्याच्या घुमेसाठी साधा स्पीकर आणि वर पडदा असतो. मागे तारा जोडायच्या स्क्रूंच्या दोन जोड्या असतील, तरच दोन अँप्लिफायर लावता येतात. त्या जोड्यांना सांधणारी धातूची पट्टी असते, ती आधी काढायची. पट्टी तशीच राहिली तर दोन्ही अँप्लिफायर एकमेकांवरच वीज ढकलतात आणि दोन्ही जळण्याची भीती. घाईत नेमके हेच राहून जाते. तेव्हा जोडणाऱ्याच्या शेजारी उभ्या राहा आणि पट्ट्या आपल्या हातात मागून घ्या.

शिवाय दोन्ही अँप्लिफायर एकाच मॉडेलचे हवेत. ओळखीच्या ख्यालाची रेकॉर्ड लावून बघा. डग्गा गवयावर कुरघोडी करत असेल किंवा 'स' आणि 'श' कानाला टोचत असतील, तर जोडी जमलेली नाही. माझे मत विचाराल तर दोन लेचेपेचे घेण्यापेक्षा एक भक्कम बरा. घरातला आहे तोच २ ओहमवर नीट चालत असेल तर दिवाळीच्या पैशांना हातच लावू नका.

जागेकडेही लक्ष द्या. हा पडदा मागच्या बाजूनेही तितकाच वाजतो, म्हणून भिंतीपासून तीनेक फूट पुढे ठेवा. मागची भिंत मोकळी असून आवाज फार खणखणत असेल, तर तिच्यावर जाड चादर चुण्या घालून टांगा. सोलापुरात चादरींना काय तोटा! स्पीकरवर मात्र तो बंद असतानाच घाला, उन्हाळ्यातली धूळ बसणार नाही. फोडणीचा तेलकट धूर आणि उदबत्ती यांपासून तो लांबच असावा. साफ करायचा तर आदल्या रात्री प्लग काढून ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूम क्लीनरचा मऊ ब्रश जाळीवरून हलक्या हाताने फिरवा. ओले फडके नको. आणि घरात लहान मूल असेल, तर केसांच्या पिना त्याच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. जाळीची छिद्रे नेमकी तेवढीच असतात.