शिव्यांची व्युत्पत्ती : एक पळवाट

शिव्यांच्या व्युत्पत्तीविषयीच्या मराठी लेखनाची एक ठरीव रीत झाली आहे. एखादा अर्वाच्य शब्द घ्यायचा, त्याचे मूळ किती निरागस वा पवित्र होते हे सांगायचे आणि वाचकाला चकित करून थांबायचे. ही रीत उथळ तर आहेच. पण शब्दाचे मूळ सांगितले की त्याच्या अर्थाची जबाबदारी संपते, असा भ्रमही ती निर्माण करते.

परभणी जिल्ह्यातील येलदरी-जिंतूरकडच्या बोलीत ‘माय’ ही आईला मारलेली हाक आहे, लेकीला लाडाने म्हणावयाचा शब्द आहे आणि ‘मायला’ ही शिवीही आहे. ‘मातृ’पासूनची व्युत्पत्ती तिन्ही ठिकाणी एकच. मग हाक आणि शिवी यांतील भेद व्युत्पत्ती कसा सांगणार? तो प्रयोगात असतो. कोण कोणास आणि कोणत्या अधिकाराने बोलतो, यात असतो.

‘लुच्चा’ हा शब्द केशलुंचन करणाऱ्या जैन मुनींवरून आला, असे सांगितले जाते. ही व्युत्पत्ती खरी असेल तर तिच्यात एका संप्रदायाविषयीच्या तिरस्काराचा इतिहास आहे. खोटी असेल तर तो तिरस्कार व्युत्पत्तिकारांनीच जन्माला घातला आहे. दोन्ही पक्षी तिला ‘गंमत’ म्हणता येत नाही. ‘देवानांप्रिय’ हे अशोकाचे बिरुद ‘सिद्धांतकौमुदी’पर्यंत येता येता ‘मूर्ख’ या अर्थी नोंदले गेले. येथे शब्द तोच राहिला, तो उच्चारणाऱ्यांची दृष्टी बदलली.

‘सटवी’च्या मुळाशी षष्ठीदेवी, म्हणजे सटवाई आहे. ‘रांड’ या शब्दाचा एक जुना अर्थ विधवा. वैधव्याचे नाव चारित्र्यहीनतेचे नाव कसे झाले, याचे उत्तर संस्कृत ‘रण्डा’कडे बोट दाखवून मिळत नाही. ते केशवपनात आणि पुनर्विवाहाच्या निषेधात शोधावे लागते.

शिवी ही अडाण्यांची भाषा, असा आक्षेप येथे ठरलेला असतो. त्याला शिलाहारांचे शिलालेखच उत्तर देतात. अपरादित्याच्या ११८७ मधील परळ येथील संस्कृत दानलेखाच्या अखेरीस दान मोडणाऱ्यासाठी मराठीत शिवी कोरली आहे. गधेगाळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा शिळांवर तीच शिवी चित्ररूपानेही दिसते. म्हणजे येथे शिवी हे राजशासनाचे साधन आहे. शिवाय अपराध करणारा पुरुष, आणि विटंबना मात्र त्याच्या आईची. गेल्या आठशे वर्षांत ही रचना बदललेली नाही.

तेव्हा शिवीच्या अभ्यासकाने मुळापाशी थांबू नये. शब्दाने कोणाला लक्ष्य केले, त्याचा कोणाला लाभ झाला आणि कोणी तो मुकाट्याने सोसला, हे नोंदवणे हेच त्याचे काम आहे. त्यावाचून केलेली व्युत्पत्ती म्हणजे शिवी देणाऱ्याच्या बाजूने दिलेली साक्ष होय.